कॅनडातल्या नोकरीत नवे आहात? रिकन्सिलिएशनची पहिली इयत्ता

कॅनडात उतरल्यावर सिन नंबर कुठे काढायचा, हिवाळ्याचे बूट कुठे स्वस्त मिळतात, पोह्यांचं पाकीट कुठल्या दुकानात असतं, हे सांगायला दहा जण पुढे येतात. मग नोकरी लागते, पहिली मोठी मीटिंग होते, आणि सुरुवातीलाच कोणीतरी गंभीर आवाजात वाचायला लागतं की आपण अमुक लोकांच्या पारंपरिक भूमीवर जमलो आहोत. हे काय चाललंय आणि आपण त्यात काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. आपण शेजारच्याकडे बघून चेहरा गंभीर करतो आणि लॅपटॉप उघडतो.

हा लेख अशा नवख्यांसाठी. माझं मत आधीच सांगते. रिकन्सिलिएशन, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांशी तोडलेलं नातं पुन्हा नीट करणं, हा सप्टेंबरात नारिंगी टी-शर्ट घालून उरकायचा कार्यक्रम नाही. कामाच्या ठिकाणी तो अगदी रोजच्या गोष्टींत असतो: कोणाच्या ओळखपत्रावर संशय घेतला जातो, कोणाला फुकटात भाषणाला बोलावलं जातं, कोणाची रजा अडते. त्यात आपल्या लोकांची एक खास अडचण आहे, ती म्हणजे ‘सवलती’ या विषयावर घरूनच तयार करून आणलेली मतं. त्याकडे येतेच.

आपला काय संबंध?

हा प्रश्न हमखास निघतो. अन्याय गोऱ्यांनी केला, निस्तरतील तेच. आपण तर स्वतःच इंग्रजांच्या राज्यातून सुटलेले. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्याला इथे राहायचा परवाना देणाऱ्या सरकारची या जमिनीवरची सत्ता कुठे मूळ रहिवाशांशी केलेल्या करारांवर, तर कुठे करार न करताच घेतलेल्या ताब्यावर उभी आहे. पीआर कार्ड खिशात आलं की त्या व्यवहाराचा फायदा आपल्यालाही मिळायला लागतो.

शिवाय आपल्याला यातून बाहेर कोणी ठेवलेलंही नाही. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांचं सत्य नोंदवणाऱ्या ट्रूथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनने २०१५ मध्ये ९४ ‘कॉल्स टू ॲक्शन’, म्हणजे कृतीच्या मागण्या, दिल्या. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर हे त्याचे अध्यक्ष, स्वतः अनिशिनाबे या मूळ रहिवासी समाजातले. त्या कॉल्सपैकी शेवटचे दोन नव्याने येणाऱ्यांबद्दलच आहेत. नवागतांना दिली जाणारी माहिती आणि नागरिकत्वाची परीक्षा यांत करारांचा आणि निवासी शाळांचा इतिहास यावा, आणि नागरिकत्वाच्या शपथेत करारांचा उल्लेख यावा. शपथ जून २०२१ मध्ये बदललीही; फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांचे हक्क मान्य करणारी राज्यघटना पाळीन, असं आता आपण हात वर करून म्हणतो. ९२ क्रमांकाचा कॉल उद्योगांसाठी आहे: प्रकल्पाआधी सल्लामसलत आणि संमती, नोकरी-प्रशिक्षणात बरोबरीची संधी, कर्मचाऱ्यांना हा इतिहास शिकवणं. तुमच्या एचआरने जो ऑनलाइन कोर्स गळ्यात मारला असेल, त्याचं मूळ बहुधा इथे आहे.

पहिल्या आठवड्यात: एवढं डोक्यात बसवा

शाळेपासून तोंडात बसलेलं ‘रेड इंडियन’ आजपासून बंद. मराठीत बोलतानाही बंद. ऑफिसच्या कँटीनमध्ये त्यातला इंग्रजी भाग सगळ्यांना कळतो.

१९८२ च्या राज्यघटनेत तीन वेगवेगळे समाज मानले आहेत. फर्स्ट नेशन्स, ज्यांत ६०० हून जास्त स्वतंत्र समुदाय येतात. उत्तरेकडच्या आर्क्टिक भागातले इन्युइट. आणि मेटी, ज्यांची स्वतंत्र ओळख फर व्यापाराच्या काळात पश्चिमेकडे घडली. २०२१ च्या जनगणनेत तिन्ही मिळून सुमारे १८ लाख लोक होते, देशाच्या ५ टक्के. इन्युइट माणसाला ‘तुमची फर्स्ट नेशन कोणती’ असं विचारू नका. आपल्याला कोणी ‘तुम्ही मराठी म्हणजे मद्रासीच ना’ म्हटलं की जे होतं, ते आठवा.

‘इंडियन’ हा शब्द कायद्यात अजून आहे, कारण १८७६ चा इंडियन ॲक्ट अजून लागू आहे. समाजातली माणसं आपापसात तो वापरतात. तुम्ही वापरू नका. तुम्ही स्वतःला इंडियन म्हणता तेव्हा ‘भारतातून आलोय’ असं सरळ म्हणा, घोळ टळतो.

आणि निवासी शाळा. सरकारच्या पैशांवर, बहुतेक चर्चच्या हातून चाललेल्या या शाळांमध्ये दीड लाखाहून जास्त मुलं आई-बापांपासून तोडून ठेवली गेली. केस कापले, भाषा बोलली तर शिक्षा, कितीतरी ठिकाणी नावाऐवजी नंबर. हजारो मुलं घरी परतलीच नाहीत. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे तुम्ही-आम्ही शाळेत जात होतो तेव्हा. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधल्या पन्नाशीच्या बाईंची ती स्वतःची शाळा असू शकते. याला ‘जुना इतिहास’ म्हणणं म्हणूनच बरोबर नाही.

आणखी खोलात जायचं असेल तर अल्बर्टा विद्यापीठाचा ‘इंडिजिनस कॅनडा’ हा १२ भागांचा कोर्स कोर्सेरावर फुकट बघता येतो. ट्रेनमध्ये बसल्या बसल्या होतो.

पत्ता शोधा, पोस्टाचा नव्हे

तुमचं ऑफिस कोणाच्या भूमीवर आणि कुठल्या करारात येतं, ते शोधा. नेटिव्ह लँड नावाच्या संकेतस्थळावर शहराचं नाव घातलं की नकाशा येतो. तो कायदेशीर दस्तऐवज नाही, पण सुरुवातीला पुरतो. मग त्या समुदायाचं स्वतःचं संकेतस्थळ वाचा.

आपली माणसं जिथे जास्त आहेत तिथलं सांगते. टोरोंटो शहराचा मोठा भाग १३ क्रमांकाच्या करारात येतो. मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट या समुदायाशी इंग्रजांनी १७८७ मध्ये व्यवहार केला, तो कागद इतका कच्चा निघाला की १८०५ मध्ये पुन्हा करावा लागला. तेव्हा सुमारे अडीच लाख एकरांसाठी १० शिलिंग मोजल्याची नोंद आहे. त्यावरचा दावा २०१० मध्ये मिटला, १४.५ कोटी डॉलरला. मिसिसॉगा शहरात राहून रोज हे नाव पत्त्यात लिहिणाऱ्या किती जणांना ते लोकांचं नाव आहे हे माहीत असतं, कोण जाणे. ब्रॅम्प्टन १८१८ च्या १९ क्रमांकाच्या करारात, कॅलगरी १८७७ च्या ७ क्रमांकाच्या, एडमंटन १८७६ च्या ६ क्रमांकाच्या, विनिपेग १८७१ च्या पहिल्या. व्हँकुव्हरची गोष्ट वेगळी: तिथे मस्क्विअम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वाउतुथ यांनी भूमी कधी कराराने दिलीच नाही, म्हणून तिथे ‘अनसीडेड’ हा शब्द ऐकू येतो. टोरोंटोचा मजकूर उचलून व्हँकुव्हरच्या मीटिंगमध्ये वाचला की जाणकार माणूस लगेच ओळखतो.

ते फॉर्म आणि ती चौकट

बँक, विमान कंपनी, टेलिकॉम, सरकारी खातं, इथे रुजू झालात तर स्वतःची ओळख सांगणारा फॉर्म येईल. एम्प्लॉयमेंट इक्विटी कायद्यात चार गट आहेत: महिला, मूळ रहिवासी, अपंग व्यक्ती आणि ‘व्हिजिबल मायनॉरिटी’. आपण शेवटच्यात. ‘इंडिजिनस’ची चौकट कॅनडातल्या तीन समाजांसाठी आहे. तुम्ही भारतात भिल्ल, वारली किंवा कातकरी असाल आणि हातात अनुसूचित जमातीचा दाखला असेल, तरी इथे त्या चौकटीवर खूण करायची नाही. सहकाऱ्यांना तुमचा समाज कोणता हे जरूर सांगा, त्यातून गप्पा छान होतात. पण ती जागा आणि त्यामागच्या नोकऱ्या दुसऱ्यांच्या आहेत. खोट्या दाव्यांची मोठी प्रकरणं इथे गाजली आहेत, आणि नाव ऐकून ‘इंडियन म्हणजे हेच असेल’ म्हणत अजाणतेपणी खूण करणारे नवागतही असतात.

काउंटरवर असाल तर हे आधी वाचा

आपल्यातल्या अनेकांची पहिली नोकरी आयटीतली नसते. किराणा, कॉफीचं दुकान, पेट्रोल पंप. तिथे एक दिवस ग्राहक ‘स्टेटस कार्ड’ पुढे करतो आणि नवखा कर्मचारी गोंधळतो.

ते इंडियन ॲक्टखाली नोंदणी झाल्याचं सरकारी कार्ड आहे. ऑन्टारियोत ते दाखवल्यावर बहुतेक वस्तूंवरच्या १३ टक्के एचएसटीतला (विक्रीकरातला) ८ टक्के प्रांताचा भाग लागत नाही. ५ टक्के केंद्राचा लागतो. गल्ल्याच्या मशीनवर त्यासाठी वेगळी कळ किंवा कोड असतो, तो पहिल्याच शिफ्टला सुपरवायझरला विचारून ठेवा. कार्ड घ्या, नंबर नोंदवा, कार्ड परत द्या, ‘थँक यू’ म्हणा. बस. रांगेतल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘मॅनेजर, टॅक्स-फ्रीवालं कार्ड आलंय’ असं ओरडायचं नाही. ‘तुम्ही दिसत नाही तसे’ हे तर अजिबात नाही. कार्डधारकाच्या दिसण्यावरून काहीही ठरत नाही. दुसऱ्या प्रांतात नियम वेगळे आहेत, तिथले तिथे विचारा.

हे एवढ्या बारकाईने सांगते, कारण संशयाची किंमत मोठी असते. डिसेंबर २०१९ मध्ये व्हँकुव्हरच्या एका बँकेत हाइल्टसुक समाजातले एक आजोबा आपल्या १२ वर्षांच्या नातीचं खातं उघडायला गेले. कर्मचाऱ्यांना त्यांच्या कार्डांबद्दल शंका आली, पोलिसांना फोन गेला, आणि आजोबा-नात दोघांच्या हातात भर रस्त्यावर बेड्या पडल्या. कार्डं खरी होती. शंका आली तर कार्डावरच्या माहितीची पडताळणी कशी करायची, हे दुकानात किंवा शाखेत लिहून ठेवलेलं असायला हवं. नसेल तर ते मागणं हे तुम्ही करू शकाल असं पहिलं ठोस काम.

डब्याच्या टेबलावर

आता त्या सवलतींच्या गप्पा. दुपारी चार-पाच देशी लोक डबे उघडून बसतात आणि कोणीतरी म्हणतं, ‘इनको तो सब फ्री है यार. टॅक्स नहीं, कॉलेज फ्री, घर फ्री, फिर भी काम नहीं करते.’ माना डोलतात. पुण्या-मुंबईत आरक्षणावर जे ऐकलं तेच, फक्त समाजाचं नाव बदललेलं.

शांतपणे, न चिडता, एकेक मुद्दा घ्या. टॅक्स: सूट नोंदणीकृत फर्स्ट नेशन्स व्यक्तींना आहे आणि ती मुख्यतः रिझर्व्हवरच्या, म्हणजे फर्स्ट नेशन्ससाठी राखलेल्या जमिनीवरच्या, मालमत्तेशी व उत्पन्नाशी जोडलेली आहे, तुमच्याच मजल्यावर बसून शहरातल्या कंपनीचा पगार घेणाऱ्याचा कर सहसा तुमच्यासारखाच कापला जातो. इन्युइट आणि मेटी लोकांना ती सूट नाही. कॉलेज: मदत असते, पण निधी मर्यादित, आणि सगळ्यांना मिळत नाही. फुकटचे पैसे: पश्चिमेकडच्या क्रमांकित करारांखाली दर माणशी वर्षाला ५ डॉलर मिळतात. एकोणिसाव्या शतकात ठरले तेवढेच, महागाई भत्त्याशिवाय. आणि घराचं म्हणाल तर ऑन्टारियोच्या उत्तरेकडच्या नेस्कांतागा समुदायात नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, हा इशारा १९९५ साली लागला आणि पुढे तीस वर्षं उठला नाही.

एवढं बोलून झाल्यावर कोणी म्हणेल, ‘तुला फारच पुळका.’ म्हणू द्या. मराठी माणसाला एक जोड सांगता येते: इंग्रजांनी १८७१ मध्ये आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, आणि पाचच वर्षांनी त्याच साम्राज्याखालच्या कॅनडात इंडियन ॲक्ट आला. पारधी वस्तीकडे बघायची जी नजर आपल्यात मुरली, ती तिथूनच आली. इथे १९२७ ते १९५१ या काळात जमिनीच्या दाव्यासाठी पैसे गोळा करून वकील लावणंही कायद्याने बंद होतं. नोंदणीकृत लोकांना केंद्राच्या निवडणुकीत सरसकट मत मिळालं ते १९६० मध्ये. हे ऐकल्यावर टेबल गप्प होतं असं नाही, पण दुसऱ्या दिवशी विषय बदललेला असतो, आणि माझ्या मते तेवढंही पुष्कळ.

ही जागा महत्त्वाची का? कारण या गप्पा मूळ रहिवासी सहकारी नसतानाच होतात. तिथे बोलणारं दुसरं कोणी नसतं.

मीटिंगमध्ये तुमची पाळी आली तर

भूमीची दखल घेणारं निवेदन वाचायची जबाबदारी आळीपाळीने फिरते. तयार मजकूर असेल तर तो वाचा, पण आदल्या दिवशी नावांचे उच्चार समुदायाच्या ध्वनिफितीवरून ऐका. अनिशिनाबे, होडिनोशोनी, वेंडॅट. आपल्या आडनावाची इथे जी चिरफाड होते ती रोज सोसतो. निदान आपण तरी ती दुसऱ्याची करू नये.

मग एक-दोन वाक्यं स्वतःची घाला. समजा असं: ‘मी तीन वर्षांपूर्वी नाशिकहून आले. ज्या करारामुळे मला इथे घर घेता आलं, तो मी या आठवड्यात पहिल्यांदा वाचला. आज आपण ज्या गोदामाच्या जागेबद्दल ठरवणार आहोत, ती जागा याच करारात येते, म्हणून या समुदायाशी बोलणं झालंय का, हे अजेंड्यावर घ्यावं असं मला वाटतं.’ शेवटचं वाक्य नसेल तर बाकीचं सजावट आहे. गहिवरून येणं, गळा दाटणं, ‘आम्हीही गुलामीत होतो’ची दोन मिनिटं, हे टाळा. आणि एक गल्लत: ‘वेलकम’ तुम्ही करायचं नाही. स्वागत करायचा मान त्या भूमीच्या लोकांचा. तुम्ही दखल घेता.

सहकाऱ्याशी वागताना

तो किंवा ती तुमची मास्तर नाही. निवासी शाळेबद्दल, बेपत्ता झालेल्या किंवा खून झालेल्या त्यांच्या समाजातल्या बायकांबद्दल, दारूबद्दल प्रश्न विचारू नका. त्यांनी स्वतःहून सांगितलं तर ऐका आणि ते पुढे कोणाला सांगू नका. हॉकी, मुलं, गाडीचे टायर, हे विषय सगळ्यांसाठी खुले आहेत. मीटिंगला ‘पॉवॉव’ (हा खरा मूळ रहिवाशांचा नाच-गाण्याचा मेळा), टीमला ‘ट्राइब’, बॉसला ‘चीफ’ म्हणायची इंग्रजी सवय लागली असेल तर सोडा.

३० सप्टेंबर जवळ आला की नारिंगी शर्टांची लाट येते. त्यामागे फिलिस वेबस्टॅड यांची आठवण आहे: सहा वर्षांच्या असताना, १९७३ मध्ये, आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट ब्रिटिश कोलंबियातल्या निवासी शाळेत पहिल्याच दिवशी काढून घेतला, तो परत मिळाला नाही. शर्ट घ्यायचा तर मूळ रहिवासी व्यावसायिकाकडून किंवा पैसे ऑरेंज शर्ट सोसायटीकडे जातील असा घ्या. ‘हॅपी ऑरेंज शर्ट डे’ असा मेसेज टाकू नका, हा सण नाही. हा दिवस २०२१ पासून बँक, टेलिकॉम अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या नोकऱ्यांत सुट्टीचा आहे. ऑन्टारियो, अल्बर्टा, क्वेबेकमध्ये खासगी कंपन्यांवर तशी सक्ती नाही. त्यामुळे तुमच्या टीममधल्या कोणाला त्या दिवशी मोकळीक हवी असेल तर ती शिफ्ट स्वतःहून घ्या. भाषणापेक्षा ते उपयोगी.

एल्डरना बोलावताना

कार्यक्रमाला एल्डर, म्हणजे समाजाने मान दिलेली ज्येष्ठ ज्ञानी व्यक्ती, बोलवायची टूम दरवर्षी निघते आणि काम नव्या, उत्साही कर्मचाऱ्याच्या गळ्यात पडतं. काही गोष्टी लक्षात ठेवा. त्या भागातल्या समुदायाच्या कार्यालयाला किंवा फ्रेंडशिप सेंटरला (शहरातल्या मूळ रहिवाशांच्या मदतकेंद्राला) विचारून सुरुवात करा, आणि महिनाभर आधी. २५ सप्टेंबरला फोन करू नका. विनंती करताना अनेक फर्स्ट नेशन्समध्ये तंबाखू अर्पण करायची रीत आहे, पण सगळीकडे नाही, इन्युइटमध्ये तर नाहीच. म्हणून आधी विचारा. मानधन ठरवा आणि ते त्याच दिवशी पाकिटात द्या. वेंडर फॉर्म भरून साठ दिवस थांबायला लावणं अपमानाचं आहे, त्यामुळे फायनान्सच्या माणसाला आधीच गाठा. प्रवास, पार्किंग, जेवण, सोबत येणाऱ्या मदतनिसाची सोय. स्मजिंग, म्हणजे सेज किंवा स्वीटग्रास जाळून धूर देण्याचा विधी, होणार असेल तर इमारतीच्या सुरक्षा विभागाला सांगून फायर अलार्मची व्यवस्था करा. तेव्हा फोटो काढू नका.

हातात थोडा अधिकार आला की

रजा: केंद्राच्या अखत्यारीतल्या नोकरीत तीन महिने झालेल्या मूळ रहिवासी कर्मचाऱ्याला शिकार, मासेमारी, सुगी अशा पारंपरिक कामांसाठी वर्षाला पाच दिवसांपर्यंत बिनपगारी रजा मिळते. टीम लीड झालात तर हे माहीत असू द्या. ‘मूस हंटिंगला जायचंय’ या अर्जावर हसणारा मॅनेजर तुम्ही नसावं. गणपतीला गावी जायची रजा मागताना आपल्याला काय वाटतं ते माहीत आहेच.

खरेदी: केंद्र सरकारने आपल्या खात्यांना कंत्राटांच्या किमतीतला किमान ५ टक्के वाटा मूळ रहिवासी व्यवसायांना देण्याचं लक्ष्य घातलं आहे, आणि त्यासाठी व्यवसायांची सरकारी यादी आहे. तुमच्या कंपनीवर बंधन नसेल, पण केटरिंग, छपाई, भेटवस्तू यांची तीन कोटेशनं मागवताना एक त्या यादीतून मागवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि भरती. नोकरीच्या जाहिरातीचा मसुदा तुमच्याकडे आला की प्रत्येक अटीपुढे पेन्सिल धरा. हे काम करायला चार वर्षांची पदवी खरंच लागते का? गाडीचा परवाना? रोज ऑफिसात येणं? उत्तरेकडच्या ज्या गावात बारावीसाठीच मुलांना घर सोडून शेकडो किलोमीटरवर राहावं लागतं, तिथला हुशार माणूस अशा एका सवयीच्या अटीपाशी गळतो. ‘कॅनडियन एक्स्पिरियन्स’च्या अटीवर आपले अर्ज कसे परत आले, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जी अट कामाला लागत नाही ती खोडा, आणि एचआरने ‘हे तर स्टँडर्ड आहे’ म्हटलं तर कोणत्या कामासाठी लागते, ते लेखी विचारा.